पहिली हाफ डिस्टन्स ट्रायथलॉन: कुठली रेस घ्यावी आणि कुठली आत्ताच नको

पहिली हाफ (म्हणजे हाफ डिस्टन्स ट्रायथलॉन, आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं) करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी रेस बुक करतात आणि मग कोर्स बघतात. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. कटऑफ, म्हणजे ज्या वेळेच्या आत टप्पा संपवावाच लागतो ती मर्यादा, आधी बघा, मग कोर्स, मग हवामान, आणि रेसचं नाव, मेडल, टीशर्ट हे सगळ्यात शेवटी. गेली काही वर्षं मी स्वतः हाफ करतेय, ग्रुपमधल्या नवीन लोकांना रेस निवडायला मदत करतेय, सपोर्टला जाऊन रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभी राहिलेय, आणि त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झालीय. आपला सगळ्यात कच्चा टप्पा कुठला ते ओळखायचं आणि त्या टप्प्यात जी रेस आपल्याला सांभाळून घेईल ती पहिली करायची. ज्या टप्प्यात आपण तगडे आहोत तिथला कोर्स सोपा असला तर फार तर पाच-दहा मिनिटं वाचतात, पण ज्यात कच्चे आहोत तिथला कोर्स अवघड निघाला तर रेसच संपते. म्हणून हा रिव्ह्यू तसाच लिहिलाय, टप्प्याटप्प्याने, आणि मध्ये मध्ये खऱ्या रेसेसची नावं घेऊन, म्हणजे नुसतं हवेत बोलणं नको.

अंतर बहुतेकांना माहीत असतं तरी सांगते, १.९ किमी स्विम, ९० किमी बाईक, २१.१ किमी रन, एकूण ११३ किमी म्हणजे ७०.३ मैल. आयर्नमॅन ७०.३, चॅलेंजच्या मिडल डिस्टन्स रेसेस आणि स्वतंत्र आयोजकांच्या ‘हाफ’ या सगळ्या याच अंतराच्या आसपास असतात. टी१०० या रेसेसचं एकूण अंतर थोडं कमी आहे, २ किमी स्विम, ८० बाईक आणि १८ रन, आणि ज्यांना रनची जास्त धास्ती आहे त्यांनी तोही पर्याय डोक्यात ठेवायला हरकत नाही.

आता कटऑफ. आयर्नमॅन ७०.३ मध्ये नेहमीचे आकडे असे असतात की स्विम १ तास १० मिनिटांत, बाईक संपवून परत यायचं ते स्टार्टपासून साडेपाच तासांत आणि पूर्ण रेस साडेआठ तासांत. हे ऐकायला भरपूर वाटतं, साडेआठ तास म्हणजे काय कमी आहेत का, असं सगळेच म्हणतात, पण कागद घेऊन बसा. ७० मिनिटांत १.९ किमी म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. समजा तुम्ही ६५ मिनिटांत पाण्याबाहेर आलात आणि टी-वनमध्ये (पोहून आल्यावर कपडे-सामान बदलून सायकल घेण्याच्या जागी) १० मिनिटं गेली, तर बाईकला उरतात सव्वाचार तास, म्हणजे ताशी साधारण २१ किमीचा ॲव्हरेज लागणार, आणि तो ट्रॅफिक नसलेल्या सपाट रस्त्यावर ठीक आहे पण हजार मीटर चढ असलेल्या कोर्सवर नवीन माणसाच्या नाकी नऊ येतात. त्यानंतर उरतात तीन तास, त्यातली टी-टूची (सायकल ठेवून पळायला निघण्याची) आठ मिनिटं वजा केली तर २१.१ किमीसाठी किलोमीटरला ८ मिनिटं ९ सेकंद. एरवी हाफ मॅरेथॉन दोन-सव्वादोन तासात मारणाऱ्यालाही हा पेस ९० किमी बाईकनंतर, ऊन डोक्यावर असताना, अजिबात फुकट मिळत नाही.

आणि हे आकडे सगळीकडे सेम नसतात. काही रेसेसमध्ये बाईकच्या मधल्या टप्प्यांवर वेगळे कटऑफ असतात कारण रस्ता ठरावीक वेळेला ट्रॅफिकला मोकळा करून द्यायचा असतो, काही ठिकाणी रनच्या पहिल्या लूपनंतर कटऑफ असतो. हे सगळं ॲथलीट गाइडमध्ये लिहिलेलं असतं, यंदाचं गाइड आलं नसेल तर गेल्या वर्षीचं शोधून वाचा. आणखी एक बघायचं म्हणजे वेळ कुठून मोजतात. रोलिंग स्टार्ट असेल तर लोकांना थोड्या थोड्या अंतराने पाण्यात सोडतात आणि साधारणपणे तुमचं घड्याळ तुम्ही वेळ मोजणारी मॅट ओलांडलीत की सुरू होतं, पण काही रेसेसमध्ये शेवटचा माणूस पाण्यात गेल्यापासून किंवा वेव्हच्या, म्हणजे एकत्र सोडलेल्या गटाच्या, वेळेपासून कटऑफ धरतात. स्लो स्विमरसाठी हा फरक फार मोठा आहे. रोलिंग स्टार्टमध्ये आपण आपल्या अंदाजे वेळेप्रमाणे रांगेत उभं राहायचं असतं, तिथे खरी वेळ धरूनच उभे राहा, पुढे घुसलात तर मागून येणारे अंगावरून जातात आणि पहिल्या दोनशे मीटरमध्येच श्वास बिघडतो.

माझ्या ओळखीत जितके जण पहिली हाफ करतात त्यातल्या बहुतेकांचा कच्चा टप्पा म्हणजे पोहणं. मोठेपणी पोहायला शिकलेले, पूलमध्ये दोन किमी आरामात जाणारे, पण ओपन वॉटरमध्ये तळ दिसेनासा झाला की घाबरणारे. यात काही कमीपणा नाही आणि ही भीती उगाच पण नाही, ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात. म्हणून माझ्या मते पहिली रेस निवडताना स्विमला सगळ्यात जास्त वजन द्यायचं.

स्विमसाठी पहिला नंबर मी देते बंदिस्त पाण्याला, म्हणजे तलाव किंवा रोइंग लेक. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ होम पिअरपाँटच्या रोइंग लेकवर आउटलॉ हाफ होते, ते पाणी बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल, लांब, सरळ, अरुंद, दोन्ही बाजूंना काठ, लाटा नाहीत, प्रवाह नाही, सरळ जायचं आणि वळून परत यायचं. श्वास घ्यायला डोकं वळवलं की काठ दिसतो आणि त्यानेच निम्मी भीती जाते. सायटिंग, म्हणजे डोकं वर काढून दिशा बघणं, जवळजवळ आपोआप होतं. ज्यांना पाण्याची धास्ती आहे त्यांच्यासाठी या प्रकारच्या स्विमला पाचपैकी पाच. पाणी थंड असतं हे मात्र खरं, पण थंड पाण्याचा एक फायदा आहे, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) घालता येतो.

वेटसूटचं जरा सविस्तर सांगते कारण नवीन लोक याला स्टाईल समजतात. वेटसूट माणसाला तरंगवतो, कंबर आणि पाय वर राहतात, ज्यांचे पाय बुडतात त्यांचा वेग सरळ वाढतो आणि मुख्य म्हणजे दमलात तर उताणं होऊन पडून राहता येतं. आयर्नमॅनच्या नियमाप्रमाणे एज ग्रुपवाल्यांना, म्हणजे वयोगटात उतरणाऱ्या हौशी लोकांना, पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट चालतो, त्याच्या वर पाणी गेलं तर बऱ्याच रेसेसमध्ये घालायला देतात पण मग बक्षीस आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या स्लॉटसाठी, म्हणजे तिथल्या प्रवेशासाठी, धरत नाहीत, आणि २८.८ च्या वर पूर्ण बंदी. पहिल्या रेसला बक्षिसाचा प्रश्न नसतो त्यामुळे मधल्या रेंजमध्ये बिनधास्त घालावा, फक्त पाणी खूपच कोमट असेल तर आत उकडून जीव नकोसा होतो हे लक्षात ठेवा. तापमान रेसच्या सकाळी जाहीर करतात, म्हणून वेटसूटवर भिस्त ठेवून रेस घ्यायची असेल तर ते पाणी मर्यादेपेक्षा बरंच थंड असणारं बघा, काठावरचं नको. मलेशियातल्या लंकावीसारख्या विषुववृत्ताजवळच्या रेसला तर वेटसूटचा विषयच सोडा, समुद्र तिथे फार कोमट असतो. तिथे ज्याला वेटसूटशिवाय दोन किमी शांतपणे पोहता येतं त्यानेच जावं.

नदीचा स्विम हा दुसरा पर्याय आणि यात ऑगस्टाचं नाव सगळे घेतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा ७०.३ ला स्विम सव्हाना नदीत एकाच दिशेने, प्रवाहाबरोबर आहे, त्यामुळे लोकांच्या वेळा एरवीपेक्षा खूपच चांगल्या येतात. कटऑफची भीती असलेल्या माणसाला हे वरदान आहे आणि मी मनापासून सुचवते. पाणी सप्टेंबरात वेटसूटच्या मर्यादेच्या आसपास असू शकतं, पण प्रवाह मदतीला असल्यामुळे तेवढं अडत नाही. फक्त नदी म्हटलं की प्रवाह आपल्याच बाजूने असं धरू नका. चॅटानूगाला २०१७ ची ७०.३ वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा टेनेसी नदीत बराचसा भाग प्रवाहाविरुद्ध पोहायचा होता. एकाच नदीत दिशा बदलली की स्विम पूर्ण बदलतो, म्हणून नकाशावर बाण बघायचा, नुसतं ‘रिव्हर स्विम’ वाचून खूश व्हायचं नाही.

समुद्रात दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून फार लांब आहेत. एक म्हणजे आडोशाचा उपसागर, जसं पश्चिम ऑस्ट्रेलियातलं बसलटन, जिओग्राफ बे, बाईक सपाट, रनही सपाट, मे महिन्याच्या सुरुवातीला बरं हवामान, पहिल्या हाफसाठी मला ही रेस फार आवडते. दुसरा म्हणजे उघडा समुद्र, कॅलिफोर्नियातलं ओशनसाइड, मार्चअखेर किंवा एप्रिलची सुरुवात, पॅसिफिकचं गार पाणी, आणि किनाऱ्यावरून स्टार्ट असेल तर आधी लाटा फोडून बाहेर जायचं. ओशनसाइड सुंदर रेस आहे, बाईक कॅम्प पेंडलटनच्या मरीन तळातून जाते जिथे एरवी कोणाला सायकल घेऊन असं फिरता येत नाही, पण लाटांची सवय नसलेल्याने ती दुसरी किंवा तिसरी हाफ म्हणून ठेवावी. शिवाय तिथल्या बाईकचे मोठे चढ दुसऱ्या अर्ध्या भागात येतात, म्हणजे पाय आधीच थकलेले असताना.

समुद्राच्या स्विममध्ये एक गोष्ट गाइडमध्ये कधीच लिहिलेली नसते पण नकाशावरून कळते, ती म्हणजे सूर्य कुठे आहे. स्टार्ट बहुतेक वेळा उजाडता उजाडताच असतो. पहिला लांब पट्टा पूर्वेकडे असेल तर पाण्याच्या पातळीवरून डोकं वर काढल्यावर समोर फक्त चकाकी दिसते, दिशा दाखवणारा नारिंगी बोया (पाण्यात तरंगणारी खूण) त्या चकाकीत पूर्ण विरघळून जातो, आणि माणसं भलतीकडे पोहत सुटतात. मी अशा सकाळी किनाऱ्यावरून बघितलंय, रंगीत टोप्यांची अख्खी रांग हळूहळू डावीकडे सरकत गेली आणि कयाकवाल्यांना (वल्ह्याच्या छोट्या होड्यांतून लक्ष ठेवणाऱ्यांना) शिट्ट्या मारून वळवावी लागली. असा कोर्स असेल तर डार्क लेन्सचा गॉगल घ्या आणि बोयाच्या मागे काठावरचं काहीतरी उंच दिसतंय का ते आदल्या दिवशी ठरवून ठेवा. आणि कयाकचं सांगायचं राहिलं, दमलात किंवा घाबरलात तर कयाकला धरून थांबायला परवानगी असते, त्याला धरून पुढे जायचं नाही एवढंच. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच झगडत राहतात. ज्या रेसच्या गाइडमध्ये किती सेफ्टी बोटी, कुठे कयाक, मदत कशी मागायची हे नीट लिहिलेलं नाही ती रेस पहिल्यांदा करणाऱ्याने घेऊच नये.

बाईककडे वळू. इथे लोक दोन टोकाला जातात, एक म्हणजे ‘सपाट म्हणजे सोपं’ आणि दुसरं म्हणजे ‘सीन चांगला आहे तर चढ असू दे’. सपाट कोर्स सोपा असतो हे अर्धंच खरं आहे. बहरीनसारख्या सपाट रेसला वेग मस्त मिळतो, पण सपाट कोर्सवर पेडल मारणं कधी थांबतच नाही, उतार नाही म्हणून विश्रांती नाही, तीन-साडेतीन तास एकाच पोझिशनमध्ये बसून मान आणि कंबर धरते, आणि उघड्या माळावर वारा समोरून आला की चढापेक्षा वाईट. ज्याने ट्रेनिंगमध्ये सलग दोन-तीन तास न थांबता एका लयीत सायकल मारली नाही त्याला सपाट कोर्स सुद्धा रडवतो.

दुसरं म्हणजे सपाट कोर्सवर गर्दी. आयर्नमॅनच्या नियमात एज ग्रुपला पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवायचं असतं, त्याच्या आत शिरलात तर २५ सेकंदांत ओव्हरटेक करायचं, नाहीतर ड्राफ्टिंगची (दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवण्याची) पेनल्टी आणि पेनल्टी टेंटमध्ये उभं राहून वेळ घालवायचा. सपाट रस्त्यावर सगळ्यांचा वेग जवळजवळ सारखा, त्यामुळे लोकांचे घोळके होतात. ७०.३ वर्ल्ड चॅम्पियनशिप २००६ ते २०१० फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला व्हायची आणि तिथल्या सपाट रस्त्यांवरच्या ड्राफ्टिंगबद्दल लोकांची कायम तक्रार असायची, २०११ ला ती लास वेगासजवळच्या हेंडरसनला गेली, तिथे चढउतार भरपूर. नवीन माणसाने सपाट आणि मोठी रेस घेतली तर १२ मीटरचा अंदाज आधी घोटून ठेवावा, साधारण सहा-सात सायकली एकामागोमाग उभ्या केल्या तर जेवढं होतं तेवढं. आपण मागे राहायचं आणि पुढचा घोळका निघून जाऊ द्यायचा, पहिल्या रेसला ते दहा-वीस सेकंद कुणी विचारत नाही.

चढाचं मोजमाप करताना गाइडमधला ग्राफ बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. तो ग्राफ उभ्या बाजूने इतका ताणलेला असतो की ऐंशी मीटरची टेकडी सुळक्यासारखी दिसते, आणि कधी उलटं, स्केल एवढं दाबलेलं असतं की खरा घाट सुद्धा झोपलेला दिसतो. आकडा बघा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की ९० किमीत एकूण चढ ५०० मीटरच्या आत असेल तर सपाट, ५०० ते ९०० म्हणजे झेपणारा, हजाराच्या वर गेला की त्यासाठी चढाचं वेगळं ट्रेनिंग पाहिजे. मग चढ कुठे आहे ते बघा. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या अल्कुदिया ७०.३ ला पहिल्या अर्ध्या भागात ल्युककडे चढत जाणारा मोठा घाट आहे, नंतर वळणावळणाचा उतार आणि मग बराचसा सपाट रस्ता, रनही सपाट. चढ लवकर संपतो हे चांगलं, पण तो उतार ज्याला सायकल नीट वळवता येत नाही त्याच्यासाठी धोक्याचा आहे. आणि नवीन लोक इथेच चुकतात, चढाची तयारी करतात, उताराची कोणी करत नाही. फ्रान्समधल्या नीसला २०१९ ची ७०.३ वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, बाईक कोल द व्हान्स चढून जाते, ९६० मीटरच्या वर, आणि तिथे चढापेक्षा उताराचीच चर्चा जास्त झाली. पुरुषांमध्ये गुस्ताव इडेन जिंकला आणि तोही साध्या रोड बाईकवर एरोबार (पुढे झुकून हात टेकवायचे दांडे) लावून, टाइम ट्रायल बाईकवर नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण ‘माझ्याकडे ट्राय बाईक नाही’ म्हणून रेस पुढे ढकलणारे खूप जण भेटतात. जी सायकल आहे ती नीट फिट करून घ्या, टायर चांगले टाका, बस. नीसची रेस मात्र पहिली हाफ म्हणून नको, मन कितीही ओढ घेत असलं तरी.

रस्त्याचा पृष्ठभाग ही आणखी एक गोष्ट जी फोटोत दिसत नाही. टाउपोला, जिथे २०२४ ची ७०.३ वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तळ्याचं पाणी इतकं स्वच्छ की खालचं दिसतं, सगळे त्याचेच फोटो टाकतात, पण न्यूझीलंडचे रस्ते खडबडीत खडीचे असतात आणि तीन तासांनी हात आणि बूड दोन्ही बोलायला लागतात. अशा कोर्सला टायर जरा रुंद घ्यावा आणि हवा थोडी कमी ठेवावी. बाकी टाउपो पहिल्यांदासाठी चांगलीच आहे, पाणी गोडं, वेटसूट चालेल इतकं गार, आयोजन पक्कं.

रनबद्दल फार बोलत नाही कारण बहुतेक रेसेसचे रन कोर्स दोन किंवा तीन लूपचे आणि बऱ्यापैकी सपाट असतात. खरा प्रश्न उन्हाचा आहे. साडेआठ तासांची रेस म्हणजे सकाळी सातला सुरू केलं तर तुम्ही ऐन दुपारी पळताय. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून थंड हवेत ट्रेनिंग करून दमट गरम ठिकाणी रेसच्या दोन दिवस आधी उतरणं म्हणजे स्वतःच्या रनवर पाणी सोडणं. तसंच अमेरिकेतल्या बोल्डरसारखी रेस, जी १६०० मीटरच्या वर आहे, तिथे समुद्रसपाटीवरून जाणाऱ्याला पहिल्या चढावरच दम लागतो. म्हणून माझा आग्रह असतो की पहिली रेस अशी घ्या जिचं हवामान तुमच्या ट्रेनिंगच्या शेवटच्या महिन्यासारखं असेल. ज्या ऋतूत लांब राईड आणि लांब रन होणार तो ऋतू आणि रेसचा ऋतू जुळला पाहिजे. तारखेपासून मागे मोजत या, साधारण १६ ते २० आठवडे, आणि त्या आठवड्यांत तुम्हाला ओपन वॉटर मिळणार आहे का, बाहेर सायकल चालवता येणार आहे का ते बघा. मिळणार नसेल तर रेस कितीही चांगली असो, ती तुमच्यासाठी यंदा नाही.

आता आयोजन, कारण शेवटी आपण पैसे एका सर्व्हिसचे देतोय. मोठ्या ब्रँडच्या रेसमध्ये फी जास्त, गर्दी जास्त, पण एड स्टेशन, म्हणजे पाणी-खाण्याची टेबलं, ठरलेल्या अंतरावर असतात, बाईकवर साधारण २०-२५ किमीला आणि रनवर दोनेक किमीला, मेडिकल असतं, रस्ता बहुतेक बंद असतो, आणि मागे राहिलेल्या माणसाकडे लक्ष असतं. छोट्या आयोजकांकडे आपलेपणा असतो, ट्रान्झिशन (टप्पा बदलायची जागा) लहान, पार्किंगपासून स्टार्ट दोन मिनिटांवर, व्हॉलंटिअर नावाने हाक मारतात, आणि काही छोट्या रेसेस मोठ्यांपेक्षा कितीतरी नीट असतात. पण वाईट निघाली तर फार वाईट निघते. एका रेसला (नाव घेत नाही) मी सपोर्टला होते तिथे रनच्या शेवटच्या लूपला पाणी संपलं. पुढचे लोक संपवून मेडल घालून फोटो काढत होते आणि मागचे, म्हणजे ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज होती ते, रिकाम्या टेबलांसमोर येऊन थांबत होते, टेबलावर ओले कप उलटे पडलेले, बर्फाच्या बॉक्समध्ये तळाला थोडं कोमट पाणी, त्यात लोक टोप्या बुडवत होते. एक मुलगी तर दुसऱ्याच कोणाची अर्धी बाटली मागून पिऊन पुढे गेली. मला अजून राग आहे त्याचा. पहिल्यांदा करणारा माणूस मागच्या भागातच असतो, म्हणून रेसची चौकशी करताना चार तासांत संपवणाऱ्याला विचारू नका, साडेसात-आठ तासांत आलेल्याला विचारा. त्याला पाणी मिळालं का, फिनिशला कोणी होतं का, रस्ता तेव्हाही बंद होता का की ट्रॅफिक सोडलं होतं. माझ्यासाठी रेसचा खरा रिव्ह्यू तोच.

एड स्टेशनवर काय मिळणार तेही आधी बघा. कुठलं जेल, कुठलं इलेक्ट्रोलाइट, ते गाइडमध्ये असतं. तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब घ्यायचे म्हणतात, पण पोटाला त्याची सवय ट्रेनिंगमध्येच लावावी लागते. तेच जेल लांब राईडला वापरून बघा, पटत नसेल तर आपलं स्वतःचं सगळं सायकलवर लावून न्या.

ट्रान्झिशन एकच आहे की दोन, हा प्रश्न लोक विसरतात. टी-वन एकीकडे आणि टी-टू दुसरीकडे असेल तर आदल्या दिवशी सायकल एका ठिकाणी, रनची बॅग दुसऱ्या ठिकाणी, दोन्ही बॅगांत काय भरलं ते पाठ पाहिजे, आणि रेस संपल्यावर स्विमचं सामान कुठून घ्यायचं ते वेगळंच. अनुभवी माणसाला काही वाटत नाही, पहिल्यांदा करणाऱ्याची मात्र आदल्या दिवशीची झोप यातच जाते. एकच ट्रान्झिशन असलेली रेस पहिल्यांदा घ्या असं मी नेहमी सांगते. प्रवासाचंही तेच, विमानाने सायकल बॉक्समध्ये घालून न्यायची म्हणजे ती उघडता आणि परत जोडता आली पाहिजे, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा) वाकला तर बदलता आला पाहिजे, स्पेअर हँगर तर हवाच. पहिली रेस शक्यतो गाडीने किंवा ट्रेनने जाता येईल अशी असली तर डोक्याला निम्मा त्रास कमी.

नाव नोंदवायच्या आधी माघार आणि ट्रान्सफरचे नियम वाचा. कुठल्या तारखेपर्यंत पैसे परत मिळतात, पुढच्या वर्षावर ढकलता येतं का, दुसऱ्या रेसला बदलून घेता येतं का. आणि हे पण वाचा की हवामान बिघडून स्विम रद्द झाला, कोर्स छोटा केला तर काय. उघड्या समुद्राच्या रेसेसमध्ये स्विम रद्द होणं किंवा कमी होणं घडतं, आणि ज्याने वर्षभर पाण्याच्या भीतीवर मेहनत घेतली त्याला स्विमशिवायची रेस मिळाली तर फार वाईट वाटतं.

मग मी कोणाला काय सुचवते? पाण्याला घाबरणाऱ्याला रोइंग लेक किंवा तळं, नॉटिंगहॅमच्या आउटलॉ हाफसारखं, किंवा प्रवाहाबरोबरची नदी असलेली ऑगस्टा. बाईक कच्ची असणाऱ्याला बसलटन, सपाट आणि आडोशाची, फक्त एका लयीत बसून चालवायची सवय करून जावं. पोहणं चांगलं, सायकल चांगली पण उन्हात रन कोसळतो अशाला टाउपो किंवा कुठलीही गार हवेतली रेस. चढावर ज्याचं मन रमतं आणि उतारावर हात स्थिर राहतो त्याला मायोर्का पहिली म्हणूनही चालेल, पण असे लोक कमी. ओशनसाइड, नीस, बोल्डर आणि लंकावी या चारही रेसेस करण्यासारख्या आहेत, नक्की करा, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी.

आणि दोन रेसेसमध्ये अडकला असाल तर दोन्हींचे गेल्या वर्षीचे निकाल उघडा, आपल्या एज ग्रुपमध्ये खालून वर बघत या. डीएनएफ, म्हणजे रेस पूर्ण न केलेले, किती आहेत, त्यातले स्विममध्ये किती आणि बाईकवर किती, शेवटचा माणूस किती वाजता आला. निकालात टप्प्यांच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात, आपल्या ट्रेनिंगच्या वेळा त्या ओळींच्या शेजारी लिहा, आणि जिथे आपण शेवटच्या माणसापासून बऱ्यापैकी वर बसतो, कच्च्या टप्प्यातसुद्धा, ती रेस बुक करा.